आठव्या टेबलावरची बाटली

चांगोमामा आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. १९८७ साली मी तिथे शिकवायला लागले तेव्हा त्यांना अकरा वर्षं झाली होती, तरी नोकरी हंगामीच होती. सोनिवलीच्या पुढच्या ठाकरवाडीतून ते रोज येत. आल्यावर आधी दोन बादल्या भरून दाराशी ठेवत, कारण नळाला पाणी दहापर्यंतच असे. मग बाटल्या भरायला घेत.

प्रत्येक बाटलीच्या गळ्याला चिंधी असे. गावातल्या कॅम्प पाच या वस्तीतल्या शिलाईच्या कारखान्यांतून ते कातरणं आणत. तीव्र सल्फ्युरिक आम्लाला लाल, विरल आम्लाला पांढरी, नायट्रिकला लाल पण दोन गाठींची. कागदी लेबलं आम्लाच्या ओघळांनी कधीच खाऊन टाकली होती.

"मामा, बाटल्यांचं लग्न आहे का?" मुलं विचारत.

"हां. तू ये वरातीत नाचाया. पन आधी ती नळी तोंडापासनं लांब धर."

डिसेंबरात विद्यापीठाची समिती यायची होती. माझ्या नोकरीचं पहिलं, कायम होण्याआधीचं वर्ष चालू होतं आणि मला त्या चिंध्या कळकट वाटत. समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात, एका रविवारी, मी एकटीने आठही टेबलांवरच्या बाटल्या रिकाम्या केल्या, धुतल्या, चिंध्या कापून टाकल्या. काळ्या शाईने इंग्रजीत लेबलं लिहिली, ती टिकावीत म्हणून वरून मेण फिरवलं. सगळ्या बाटल्या एकसारख्या, अक्षरक्रमाने मांडलेल्या. मला फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी मामा त्या रांगेसमोर उभे राहिले.

"बाई, आता कंचं कुठं भरायचं?"

"लेबल वाचा ना, मामा. त्यासाठीच तर लिहिलीत."

मी वह्या तपासत होते. मान वर केली नाही. ते "बरं" म्हणाले.

भरलेल्या बाटल्या मुलांच्या हाती जाण्याआधी शिक्षकाने तपासायच्या, असा नियम होता. मामांनी भरलेल्या बाटल्या तपासायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशीही मी तपासल्या नाहीत.

आठव्या टेबलावर काशी म्हात्रे होती. शिरगावची, शेतकरी घरातली, तिच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. परीक्षानळीतल्या गरम द्रावणात तिने विरल म्हणून आम्ल ओतलं. ते तीव्र होतं. नळीतलं सगळं उसळून तिच्या डाव्या गालावर आणि डोळ्यावर उडालं. संरक्षक चष्मे त्या काळी आमच्याकडे कोणीच घालत नसे.

मी खाण्याच्या सोड्याची बरणी शोधायला कपाटाकडे धावले. डोळ्यात सोडा घालायचा नसतो, आधी भरपूर पाणी, हे मीच वर्गात शिकवत होते. मी बरणी घेऊन वळले तेव्हा मामांनी काशीला दाराशी नेऊन तिची मान वाकवली होती आणि तांब्याने सारखं पाणी ओतत होते.

"डोला उघड, बाय. उघडाच ठेव. रड, पन मिटू नको."

दोन्ही बादल्या संपेपर्यंत ते थांबले नाहीत. डोळा वाचला. गालावर मात्र जबड्यापर्यंत डाग राहिला.

नंतर मी सगळ्या बाटल्या तपासल्या. सात टेबलांवर बरोबर, आठव्यावर उलट.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"चांगो, बाटलीवर काय लिहिलं होतं?"

मामा टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"अरे, वाचलं नाहीस का? चौथी पास आहेस ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला कळलं की त्यांना वाचता येत नाही, साठ्याच्या मोठ्या बाटल्यांवरच्या अक्षरांशी आकार जुळवून त्यांनी सात टेबलं बरोबर भरली. मी खाली पाहिलं. चिंध्यांबद्दल बोलले तर मामांना वाचता येत नाही हे उघडं पडेल, म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला पुढे बरीच वर्षं सांगितलं. चिंध्या मी कापल्या, त्यांनी विचारलं तेव्हा मी मान वर केली नाही, बाटल्या तपासल्या नाहीत, हेही उघडं पडलं असतं.

अहवाल मी लिहिला. 'परिचराने चुकीच्या बाटलीत आम्ल भरले.' वाक्य खरं होतं. महिनाअखेर मामांना कमी केलं. जूनमध्ये मी कायम झाले.

१९९५ साली काशी मला अंबरनाथच्या बाजारात भेटली. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली होती. दर दिवाळीला मामांकडे फराळ घेऊन जाते, म्हणाली. "मॅडम, तुम्ही गेला नाहीत कधी?" तिने सहज विचारलं.

पुढच्या रविवारी मी गेले. मामा अंगणात वेळूच्या कामट्या सोलत बसले होते. भात लावणं आणि वीटभट्टीवरचं काम, यावर घर चाललं होतं. त्यांच्या बायकोने, जिवलीबाईंनी, चहा ठेवला.

"मामा, तेव्हा मी सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"काय सांगनार? मना वाचता येत नाय, ह्ये? दाखला मास्तरनी असाच दिला व्हता. त्यो बी अडकला असता." ते कामटी सोलत राहिले. "तुमाला त्या टायमाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाय त्याचा दोष कसा द्यावा? मी घरी हिला त्येच सांगतो."

मी पुढ्यातल्या सोललेल्या कामट्या एका बाजूला रचल्या.

"काशी सांगत व्हती, बाटल्यांना पुन्यांदा चिंध्या हायेत."

"हो."

"बरं केलंत. कधीपासनं?"

काहीही सांगता आलं असतं. गेल्या वर्षीपासून म्हणाले असते तरी त्यांनी मान डोलावली असती.

"त्याच आठवड्यापासून," मी म्हणाले. "अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी बांधल्या."

मामांचा कोयता थांबला. अहवाल लिहिताना मला सगळं ठाऊक होतं, हा हिशेब त्यांनी लावला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते आत वळून म्हणाले, "जिवले, चहा झाला का? बाईंना परत लांब जायचंय."

चहा आला. मी तो पिऊन निघाले.