वर्गात सांगितलेली ताई

सर पंधरा वर्षं एकच जुनी, नावाजलेली कादंबरी शिकवत होते. यंदा त्यांनी तिला व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांतांची जोड दिली. फळ्यावर शिस्त, आपुलकी, हळवेपणा असे पाच रकाने आखायचे आणि प्रत्येक पात्राला दहापैकी गुण द्यायचे. पोरं खूश होती.

त्या दिवशी पाळी थोरल्या बहिणीची. कादंबरीतली ही बहीण बाप गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरातल्या सगळ्या चादरी धुवायला काढते, डोळ्यांत टिपूस नाही. सरांनी शिस्तीला दहा दिले, हळवेपणाला शून्य.

"सर, अशी माणसं खरंच असतात?" मागून एकीने विचारलं.

"असतात की! आमच्याच घरात एक नमुना आहे. वडील गेले त्या दिवशी आमच्या ताईने काय केलं असेल? खुर्च्या पुसल्या! माणूस नाही, यंत्र आहे यंत्र."

हशा पिकला. सरांना हशाची चटक होतीच. त्यांनी ताईच्या चालण्याची नक्कलही करून दाखवली.

गैरहजर मुलांसाठी प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग कॉलेजच्या साइटवर चढायचं. ते घरचं कोणी ऐकत असेल, हे सरांच्या गावीही नव्हतं.

शनिवारी ते ताईकडे गेले. ती तीस वर्षांपासून इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती; त्याच पगारावर तिने धाकट्या भावाला शिकवलं होतं. टेबलावर लायब्ररीचा शिक्का असलेली तीच कादंबरी होती.

"तुझा तास ऐकला," ताई म्हणाली. "दर आठवड्याला ऐकतो आम्ही सातजणी, जेवणाच्या सुट्टीत. फोन मध्ये ठेवून."

"ताई, ते मी पोरांना समजावं म्हणून..."

"ते राहू दे. पान चाळीस नीट वाचलंस का? चादरी आदल्याच दिवशी धुऊन घडी घातल्यात. मग परत का धुवेल ती? आमच्याकडे नर्स येतात रडायला. मोठं मशीन चालू असलं की बाहेर काही ऐकू जात नाही. घरात लहान भावंडं असली की बाईने रडायचं कुठे?"

"आणि तू?" सरांनी कसंबसं विचारलं.

"तू सहा वर्षांचा. मी रडत बसले असते तर तू जेवला असतास?"

धरणीने पोटात घ्यावं असं सरांना झालं. माफी मागावी म्हणेपर्यंत ती आत निघून गेली.

सोमवारी त्यांनी भर वर्गात चूक कबूल केली. आपल्या सख्ख्या ताईची टिंगल केली, हेही सांगितलं. मन थोडं हलकं झालं, तोच बुधवारी ताईचा फोन आला.

"सोमवारचा तास कशाला असा घेतलास रे? मी सगळ्यांना सांगितलं होतं, तो चुलत ताईबद्दल बोलतोय म्हणून."

"मग... त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार! आज कोणी तुझा तास लाव म्हणालं नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सर धुलाईखान्यात गेले. सातजणींसमोर उभं राहून म्हणाले, "मी चुकलो. ताईची माफी मागायला आलोय." आवाज इतका बारीक निघाला की एकीला विचारावं लागलं, "काय म्हणालात?" त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. तिने सरकून बाकावर जागा दिली. ताई मात्र डब्यात बघत जेवत राहिली.