इझाबेलचा आवाज कमी कर

डॉमनिकचा स्टुडिओ म्हणजे पापडी गावातल्या त्याच्या घराची मागची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीला गोधडी आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. गायला आलेला माणूस आधी घामाने निथळतो. डॉमनिकला त्यातही मजा यायची. पन्नाशी उलटली तरी खोड काही गेली नव्हती.

त्या दुपारी आत मेरी मावशी उभी होती. तिच्या लेकीचं, सॅन्ड्राचं लग्न रविवारी. लग्नघरच्या बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला निघतात, तेव्हाची गाणी मेरी मावशीच सांगायची; ती ओळ म्हणायची, बाकीच्या ती मागून झेलायच्या. पण नवरीच्या आईने पाहुणे बघायचे की गायचं? सॅन्ड्राने सांगून टाकलं होतं, "मम्मी, रेकॉर्ड करून दे. नाहीतर डीजे आहेच." मावशीला तो डीजे मुळीच नको होता, म्हणून ती इथे आली होती.

बॅण्डवाल्या लुईसचा ट्रम्पेट डॉमनिकने आधीच भरून ठेवला होता. तो हेडफोनमध्ये सुरू झाला. मावशीने पहिली ओळ म्हटली, खणखणीत. आणि गप्प.

"थांबलीस कशाला?"

"झेलनार कोन?"

"बायकांचा आवाज मी मागून लावतो ना. तू पुढे म्हण."

"मागून म्हंजे? मी सांगायची, त्यांनी झेलायची, मग पुढचं सुचतं. तुझी गादी झेलते का?"

पुन्हा तेच. मावशी ओळ सांगून भिंतीकडे बघत थांबायची, लुईसचा ट्रम्पेट एकटाच पुढे निघून जायचा.

"पाणी पिऊन येतो," म्हणून डॉमनिक उठला आणि थेट इझाबेलच्या अंगणात गेला. इझाबेल म्हणजे मावशीची जाऊ. कुंपणावरच्या फणसापायी दोघींचं बोलणं बंद.

"इझाबेल काकी, मेरी मावशी म्हणते, गावात झेलणारी एक बाई उरली नाही. सगळ्यांचे गळे बसले."

"असं म्हनली ती?"

इझाबेलने सोलत असलेली कोलंबी तशीच टाकली, हात धुतले न धुतले, वाटेत आणखी बायका गोळा केल्या आणि स्टुडिओत शिरली. मावशीने तोंड फिरवलं, पण ओळ सांगितली. इझाबेलने ती वरच्यावर झेलली, जरा जास्तच जोरात. मग मावशी चढली, मग इझाबेल. अशी चुरस लागली की सगळी गाणी एका दमात भरून निघाली. डॉमनिक स्वतःवर बेहद्द खूश.

दुसऱ्या दिवशी त्याने लुईसचा ट्रम्पेट बायकांच्या आवाजाखाली जमेल तसा बसवला आणि मावशीला ऐकवलं.

"इझाबेलचा आवाज कमी कर."

"का गं?"

"लग्न माझ्या लेकीचं की तिच्या? कमी कर. नाहीतर राहू दे. वाजू दे तो डीजे."

डॉमनिकची खुशी तिथेच उतरली. माइक एकच लावलेला, त्यातच सगळ्या बायका. इझाबेलला खाली करायचं तर मावशीही खाली जाणार. हे सांगितलं असतं तर मावशी उठून घरी गेली असती.

मिक्सरच्या कोपऱ्यात एक बटण होतं, त्याला मागे वायरच नव्हती. हट्टी गिऱ्हाइकांसाठी ते डॉमनिकने मुद्दाम ठेवलं होतं. चेहरा गंभीर करून त्याने ते डावीकडे फिरवलं आणि गाणं पुन्हा लावलं.

"आता?"

मावशी डोळे मिटून ऐकत राहिली. "हां. गेली खाली."

ओठ चावून डॉमनिकने हसू दाबलं. पण मावशी उठेना. गाणं संपलं, तिने परत लावायला सांगितलं. अर्ध्यावर तिचा चेहरा पडला.

"आता कसं ओकंबोकं वाटतंय रे. झेलायला कोनीच नाही असं."

"मग?"

"तिला वर घे. होती तेवढी." मग घाईघाईने, "तिला सांगू नको हां."

डॉमनिकने बटण उजवीकडे फिरवलं. गाणं सुरू झालं, तेच, तसंच. मावशीची मान डोलायला लागली. इझाबेलची ओळ आली तशी ती हळूच म्हणाली, "बघ, कशी झेलते भवानी!"

मग तिने फोन काढला. "सॅन्ड्रा, डीजेला सांग, पान्याच्या वेळी गप बसायचं."