बिनआकड्यांचा कॅलिपर

लाटंबार्सेच्या आमच्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणारी, यंत्रं सात आहेत आणि हाताचा लेथ एक. माणसं एकतीस. त्यांत तो लेथ चालवता येणारा एकच. जाडी मोजायचे मायक्रोमीटर चार, ते माझ्या ताब्यात असतात, कारण तपासणीला मी एकटीच आहे.

तो एक माणूस म्हणजे गडहिंग्लजचे गणपतमामा. नऊ वर्षं ते तिसऱ्या यंत्रावर आहेत. सळी लावायची, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते आणि मालकांनी त्यांना जुना लेथ देऊ केला होता. तो गावी नेऊन दुकान टाकायचं की नाही, हे त्यांनी शनिवारपर्यंत सांगायचं होतं.

गुरुवारी पाळी सुटल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले.

"सिद्धी, माझा हात मापून दे."

त्यांच्याकडे दोन वाकड्या पायांचा कॅलिपर होता, आकडे नसलेला. तो माझ्याकडच्या गेजवर, म्हणजे नेमक्या वीस मिलिमीटरच्या नमुना-दांड्यावर, लावून ते सळीच्या तेवढ्याच जाडीच्या आठ पिना कातणार होते. १९.९८ ते २०.०२ चालेल, असं ठरलं.

"मायक्रोमीटर घ्या ना," मी म्हटलं.

"त्यो झाल्यावर सांगतोय. हाताला हुतानाच कळाय पायजे. कळत नसंल तर लेथ न्हेऊन काय करू, कापडं वाळत घालू?"

आठही पिना मापाबाहेर गेल्या. सर्वांत बारीक २०.०५, सर्वांत जाड २०.०७. मामा स्टुलावर बसले.

चौथ्या यंत्रावरचा सुदेश डबा घेऊन निघाला होता. "मामा, ऑफसेट घालूक विसरलात मरे!"

यंत्र दरवेळी सारखंच चुकत असेल, तर तेवढ्या फरकाचा आकडा त्याला द्यायचा, त्याला ऑफसेट म्हणतात. मामा हसले नाहीत. मी मात्र आकडे पुन्हा पाहिले.

"मामा, सगळ्या एकाच बाजूला चुकल्यात. आणि जवळजवळ तेवढ्याच."

त्यांनी कॅलिपर एका पिनेवरून सरकवला. थांबले. मग तो दोन बोटांत नुसता लोंबता धरून पिनेवर सोडला. तो वरच अडकून राहिला.

"ढकलत हुतो की गं! ह्यो आपल्या वजनानं उतराय पायजे. बटणं दाबून दाबून सगळंच दाबाय लागलोय."

शुक्रवारी त्यांनी पुन्हा आठ कातल्या. गेज सोडून माझ्याकडून काही घेतलं नाही. सात पिना टेबलावर ओळीनं ठेवल्या, एक बाजूला.

"ही बारीक झाली. शेवटचा काप जास्त बसला. आधी लिहून घे, मग माप."

मी लिहून घेतलं आणि मापलं.

ओळीतल्या सात: १९.९९ ते २०.०२. बाजूला ठेवलेली: १९.९७.