धुक्यातली तोडणी

आमच्या गावात लोक बुरशीची वाट पाहतात. ऑक्टोबर लागला की पहाटे नदीवरून धुकं चढतं, वेली दिसेनाशा होतात आणि पिकल्या द्राक्षांवर राखाडी लव धरते. द्राक्षं सुरकुततात, आतला रस मधासारखा दाट होतो. पण बुरशी दोन जातींची. एक गोडवा आणते, दुसरी आंबवते, आणि धुक्यात दोघी सख्ख्या बहिणी दिसतात. फरक फक्त वासात. आंबलेले चार घड गेले तरी अख्ख्या पिंपाचा शिरका होतो.

म्हणून प्रत्येक मळ्यात एक हुंगणारा असतो. आमच्या मळ्यात तो मी, बाझील. तोडणारे घड पुढे धरतात, मी हुंगतो आणि हो किंवा नाही म्हणतो. एकेचाळीस वर्षं माझाच शब्द शेवटचा. आमच्या वाइनची ख्याती सांगायला बसलो तर तुम्ही कंटाळून उठून जाल.

मार्चमधल्या तापात मला वास येईनासा झाला. कुणाला बोललो नाही, येईल परत, म्हटलं. जूनमध्ये अंगणातलं लिंडनचं सुवासिक झाड फुललं. मी त्याखाली बराच वेळ उभा राहिलो, पण वास काही म्हणजे काही येईना. मला रडू आलं.

तोडणीचा पहिला दिवस उजाडला तो पांढराफटक. माणसं दिसत नव्हती, नुसतं त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. त्या पांढऱ्यातून घड धरलेला एखादा हात यायचा. मी नाक लावायचो, डोळे मिटायचो आणि ठणकावून सांगायचो, "हो!"

माझी बायको नोएली नेहमीसारखी टोपली घेऊन मागे होती. सहज वळलो, तर ती एक घड हुंगून हळूच वेलीखाली टाकत होती.

"हे काय चाललंय?"

"आंबलाय तो."

"मी हो म्हणालोय!"

"हळू बोल, लोक ऐकतायत. ईस्टरला खराब बुचामुळे कुबट वास मारणारी वाइन तू रीतीप्रमाणे उरलेल्या सूपमध्ये ओतून वाडगा चाटूनपुसून प्यायलास, बाझील. तेव्हाच कळलं मला."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी तोरा जाईना. "आणि तुला गं कधीपासून वास कळायला लागला?"

"इतकी वर्षं तुझ्यामागे चालतेय. नाक काय घरी ठेवून येत होते?"

"म्हणजे आधीपण टाकायचीस?"

ती टोपलीतले घड सारखे करत राहिली. "लग्नानंतरच्या दुसऱ्या तोडणीपासून. सगळे नाही रे. वर्षाला चारपाच."

चारपाच. मी मनातल्या मनात एकेक साल आठवत गेलो. प्रत्येक सालच्या पिंपावर लोकांनी माझी पाठ थोपटली होती, आणि ही शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात शेजारच्या ओळीत तोडणाऱ्या लेओंसचा हात धुक्यातून आला. "काय म्हणतोस, मालक? हो की नाही?"

नोएलीनं वाकून वास घेतला आणि मला ऐकू येईल इतपत पुटपुटली, "नाही."

मी नुसतं "नाही" म्हटलं असतं तर चाललं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. तिनं तशीच सोय करून दिली होती.

"लेओंस," मी सगळ्या ओळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "माझं नाक गेलंय. घड नोएलीपुढे धर. पहिल्यापासून तिच्याचपुढे धरायला हवे होते."

लेओंसनं घड तिच्यापुढे धरला. मग एकेक हात माझ्यावरून वळून तिच्याकडे जायला लागला.