चौकडीची चिंधी

"यंदाचा पेंढा म्हणजे नुसता भुसा. दोन वेढे घातले की मोडतोय," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. पेंढ्यात काही खोट नव्हती. निळं धान्य यंदा पुरुषभर वाढलं होतं आणि काडी म्हणाल तशी वाकत होती. मोडत होती ती सासूबाईंच्या घाईनं.

पानगळ लागून कापणी घरात आली की त्याच दिवशी आमचा सण. घरातलं जे माणूस दूर गेलंय, त्याचा पेंढ्याचा काडीमाणूस वळायचा, छातीत त्याच्या वापरातल्या कपड्याची चिंधी शिवायची आणि जेवताना त्याच्या जागी बसवायचा. माणूस जिवंत असेल तर पेंढा थंड राहतो. नसेल तर पानं वाढून होईस्तोवर काडीमाणूस ताप भरल्यासारखा तापतो. निळ्या धान्याचा गुणच तसा. का, ते कुणाला ठाऊक नाही, आणि सणाच्या दिवशी विचारायला उसंत कुणाला असते?

माझे धाकटे दीर मिठाच्या होडीवरून धुक्यापलीकडे गेले, त्यानंतरचा हा तिसरा सण. होडी परत आलीच नाही. पण दोन्ही सणांना त्यांचा काडीमाणूस थंडगार निघाला. थंड म्हणजे लग्न शाबूत. त्यामुळे माझ्या धाकट्या जावेला ना माहेरी परतता येत होतं, ना त्या दोरवाल्याला काही उत्तर देता येत होतं. बिचारा दोर विकायच्या निमित्तानं येतो, तिच्याकडे न बघता पाणी पितो आणि जातो. आमच्या घरात विहीर एक आणि दोर अकरा झालेत.

सासूबाईंनी कनवटीची चिंधी काढून घाईनं काडीमाणसाच्या छातीत कोंबली. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. तांबड्या चौकडीची होती. त्या सदऱ्याची काख मी स्वतः दोनदा शिवली होती. तो सदरा माझ्या नवऱ्याचा. आणि माझा नवरा परसात, चांगला धडधाकट, ओल्या लाकडाला शिव्या घालत कुऱ्हाड चालवत होता.

गेल्या वर्षीही चिंधी ओळखीची वाटली होती मला. पण तेव्हा चुलीवर दूध होतं. दूध उतू जाणं माणसाच्या फार उपयोगी पडतं.

दुपारी पानं वाढली. काडीमाणूस धाकट्या दिरांच्या बाकावर बसला. तेवढ्यात पलीकडे भट्टीवाल्यांच्या घरातून हंबरडा ऐकू आला. त्यांचा तापला असणार. आम्ही सगळे आपापल्या पानाकडे बघत राहिलो.

धाकटी आतून आली ती हातात करडा गळपट्टा घेऊन.

"आई, यंदा हा घाला. निघायच्या दिवशी त्यांनी खुंटीला अडकवला होता. मी धुतलेला नाही."

"झालं की शिवून," सासूबाई म्हणाल्या. "आता कुठे उसवत बसतेस? जेवण गार होतंय."

"चार टाके तर आहेत."

"शिवलेलं उसवू नये. अपशकुन होतो."

"असं कोण म्हणतं?"

"माझ्या सासूबाई म्हणायच्या."

सासूबाईंच्या सासूबाईंनी अडीनडीला लागेल ते सगळं म्हणून ठेवलं होतं.

धाकटी उभीच राहिली. "आई, मी दोन वर्षं काही मागितलं का? ते आहेत म्हणालात, मी बसून राहिले. अजूनही बसेन. पण मला एकदा नीट कळू दे."

"भोपळा छान झालाय," माझा नवरा म्हणाला. त्यानं अजून घासही घेतला नव्हता.

मी चुलीकडे पाहिलं. चुलीवर काहीही नव्हतं. उठले, खिळ्यावर टांगलेली कात्री काढली आणि काडीमाणसाच्या छातीचे टाके कापले. चौकडीची चिंधी बाहेर लोंबली. धाकटीनं ती पाहिली, मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या अंगावरचा सदरा नवा होता, पण चौकडी तीच. त्याला दुसरं कापड आवडतच नाही. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

धाकटीनं गळपट्ट्याची घडी केली, काडीमाणसाच्या छातीत सारली, वरून पेंढा सारखा केला, बाळाचं अंगडं करावं तसा. मग समोर बसली. आम्ही बसून होतो. रश्श्यावर साय धरली. काडीमाणसाच्या निळ्या खांद्यावर बसलेली माशी एकदम उडाली.

धाकटीनं त्याच्या हाताला धरायला हात पुढे केला. सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं.

"नको, भाजेल," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता, मीठ वाढू का विचारावं तसा. "पहिल्या सणाला त्याचीच चिंधी घातली होती मी. मांडीवर धरवेना. तुम्ही सगळे शेतात होतात, मी बदलून टाकली. तू गेलीस तर त्याचं नाव घेणारं घरात कुणी उरलं नसतं, म्हणून. तो मेलाय, पोरी. तेव्हाच मेलाय."