गालिच्यावरचं एकसष्ट

मंचावरच्या गालिच्यात अंगठा दाबून सोडला, की खळगा भरून यायला नऊ सेकंद लागत. मी घड्याळात बघून तीनदा मोजलं. गालिचा बोटाची दोन पेरं खोल होता आणि त्याच्या मधोमध, चार आखूड रबरी पायांवर, वजनकाटा ठेवलेला होता. बाजूला चिठ्ठी: ‘कृपया हलवू नये.’

दर रविवारी सकाळी त्या सभागृहात पन्नासेक माणसं जमत. एकेकाने अनवाणी मंचावर चढायचं, काट्यावर उभं राहायचं आणि तोलदादाने आकडा मोठ्याने वाचायचा. कमी झाला की टाळ्या. बसचालकाचे पहिल्याच महिन्यात आठ किलो उतरले, तेव्हा त्याच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. शिंपी म्हणत होता, “स्वतःच्याच पँटी आत घेतोय मी. गिऱ्हाइकांना वेळ कुठून देऊ?”

तोलदादा हा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला, मऊ आवाजाचा माणूस. मनगट धरून, डोळे मिटून तो प्रत्येकाचं ‘मूळ वजन’ सांगे. त्यात ग्रॅम कधी नसत. शरीराचं मूळ बहुधा पूर्णांकातच असावं. माझ्या ताईचं त्याने अठ्ठावन्न सांगितलं.

ताई अठ्ठ्याहत्तरवरून निघाली होती. पहिल्या महिन्यात सात किलो गेले, नंतर महिन्याला दोन, पुढे जेमतेम एक. आणि गेले सात आठवडे एकसष्ट. काटा हलेना.

“हे उरलेले तीन किलो चरबीचे नाहीतच, ताईसाहेब,” तोलदादा तिला सगळ्यांसमोर म्हणाला. “या आठवणी आहेत. आठवणी चिकट असतात. आता शेवटची पायरी करायची.”

आठवणींचं वजन त्याने कुठल्या काट्यावर केलं, हे कुणी विचारलं नाही. शेवटची पायरी म्हणजे सात दिवस फक्त त्याने दिलेलं पाणी. अन्न नाही, औषधही नाही. ताईला हृदयाचे ठोके सांभाळणारी गोळी आहे. एक दिवस चुकली तरी ती जिन्यात कठडा धरून थांबते. डॉक्टरीणबाई तीन महिने सांगत होत्या, “पुरे झालं. इथेच थांबा आणि हे टिकवा.” ताई दर वेळी म्हणे, “बघते.” आणि सोमवारपासून ती पाणी सुरू करणार होती.

शनिवारी मी तिच्याकडे गेले. ओट्यावर एक पातेलं, एक ताट, एक वाटी पालथी घातलेली. मेहुणे गेल्यापासून तिचा स्वयंपाक एवढ्यात मावतो. गोळ्यांची पट्टी पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवून दिलेली होती, जणू पाहुण्यांची भांडी. आम्ही दोघी एकाच शहरात, बसने पंचवीस मिनिटांच्या अंतरावर, एकेकट्या राहतो. मी वजनमापं तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर लोकांचे काटे तपासून खरे करते आणि घरी जाऊन कुणाशी न बोलता जेवते.

“ताई, तू पंधरा-सतरा किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढत होतीस,” मी म्हणाले. “ते उतरलं. आता तोच जिना चढायला शरीराला कमी खर्च येतो. आधी ज्या खाण्यावर तू उतरत होतीस, तेवढंच आता पुरतं. सुरुवातीला भरभर गेलं त्यात बरंचसं पाणी होतं. शिवाय बरेच महिने कमी खाल्लं की शरीर काटकसर शिकतं, भूकही वाढवतं. मुक्काम जवळ आला की वेग मंदावणारच. त्यात तुझी चूक नाही आणि आठवणींचीही नाही.”

“तुमच्या प्रयोगशाळेत होत असेल तसं.”

“उंदरापासून माणसापर्यंत सगळ्यांचं होतं.”

“म्हणजे मी उंदीर का गं, बारके?” ती हसली. लहानपणापासून ती मला बारकीच म्हणते. मग चेहरा पुसल्यासारखं हसू गेलं. “तिथे पन्नास माणसांना माझा आकडा पाठ आहे. तू शेवटचं कधी विचारलंस मला, कशी आहेस म्हणून?”

तारीख मला माहीत होती.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा गिळली. नऊ दिवसांपूर्वी, गुरुवारी संध्याकाळी, मी स्वतः तिथे नाव नोंदवलं होतं. दाराजवळच्या उघड्या फरशीवर तसाच दुसरा काटा असतो. आधी शुद्धीसाठी म्हणून दोन मोठे ग्लास पाणी पाजतात, मग बुटांसकट उभं करतात. प्रयोगशाळेत मी बावन्न किलो तीनशे ग्रॅम भरते. तिथे चौपन्न चारशे भरले. रविवारी, गालिच्यावर, अनवाणी आणि उपाशीपोटी: पन्नास एकशे. तीन दिवसांत चार किलोंहून अधिक, आणि मी रोजच्यासारखी दोन वेळा जेवले होते. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात ताई वाजवत होती. कबूल करते, बरं वाटलं.

म्हणूनच शनिवारी काट्याबद्दल तोंड उघडवेना. हे सांगितलं की तिच्या एकसष्टमधलं काहीतरी मी काढून घेणार होते, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. पण फळीवरची ती पिशवी मला रात्रभर दिसत राहिली.

रविवारी माझं नाव पुकारलं. मी काट्यावर उभी राहिले. पन्नास एकशे. टाळ्या थांबल्यावर मी वाकले, काटा उचलला आणि मंचाच्या दोन पायऱ्या उतरून फरशीवर ठेवला.

“बाई, यंत्राला जागा बदललेली चालत नाही,” तोलदादा म्हणाला. आवाज अजून मऊच होता.

“काट्याला फक्त गालिचा चालत नाही,” मी म्हणाले आणि त्यावर चढले. बावन्न तीनशे. दोन किलो दोनशे ग्रॅम मी दोन पायऱ्यांत कमावले होते.

बसचालक पुढे आला. “सरका. मला बघू द्या.” त्याचे जवळजवळ तीन किलो वाढले. मागून कुणीतरी म्हणालं, “काटा बिघडला असेल.” त्याने तो परत गालिच्यावर ठेवला, पाहिलं, पुन्हा फरशीवर आणला. मग तो बाजूला सरकला.

मी काटा उलटा करून चारही पाय दाखवले. “वजन या चार पायांत मोजलं जातं. मऊ गालिच्यात पाय रुततात आणि काट्याचं पोट खाली टेकतं. पोटावर आलेला भार पायांपर्यंत जातच नाही, म्हणून आकड्यातही येत नाही. नोंदणीला फरशी, बूट आणि पोटात पाणी. इथे गालिचा आणि रिकामं पोट. पहिल्या महिन्याचा चमत्कार तो एवढाच. पण ही वजाबाकी एकदाच होते. दुसऱ्या महिन्यापासून गालिचा काही देत नाही आणि शरीरही मंदावत जातं. मग शेवटच्या किलोंसाठी आठवणी शोधाव्या लागतात.”

“म्हणजे माझे आठ?” बसचालकाने विचारलं.

“तीनेक तरी खरे असतील. ते तुम्ही उतरवलेत.”

शिंपी स्वतःच्या कमरेकडे बघत होता. एक बाई म्हणाल्या, “आमचं चांगलं चाललं होतं. तुम्हाला काय मिळालं हे करून?” मी काटा सरळ करून परत फरशीवर ठेवला.

“शंका हासुद्धा भारच असतो,” तोलदादा म्हणाला. “ताईसाहेबांना विचारा. उद्यापासूनचा निश्चय त्यांचा आहे. बहिणीचा नाही.”

सगळे वळून ताईकडे बघू लागले. ती उठली, रांगेतून वाट काढत आली आणि माझ्याकडे न बघता फरशीवरच्या काट्यावर उभी राहिली. त्रेसष्ट चारशे. तिने आकडा वाचला, डोळे मिटून उघडले, परत वाचला. खांदे जरा खाली आले. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि मला हात पुढे करता आला नाही.

मला मोठ्याने बोलायची सवय नाही, तरी बोलले. “माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरचा काटा फरशीवर ठेवा, रोज एकाच वेळी बघा, लिहून ठेवा. कुणी तुमचं खरं वजन सांगितलं तर ते कशावरून, एवढं विचारा. आणि चालू असलेली गोळी बंद करायला सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.” शेवटचं वाक्य पहिल्या दोन रांगांपलीकडे गेलं नसावं.

तोलदादाने टेबलावरची बाटली उचलून ताईपुढे धरली. सात दिवसांतल्या पहिल्या दिवसाची. ताईने ती घेतली नाही. काट्यावरून उतरलीही नाही.

“हे मी पिणार नाही, दादा,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला. “घरी जाऊन गोळी घेणार आहे. अठ्ठावन्न तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. मी त्रेसष्टवर थांबले.”