लोंबणारा लाल धागा

मित्रांनो, गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटलेला, आरशाच्या आडोशाला बसलेला काळा कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. तसाच एक जुना कॅमेरा मी. रस्त्यावर जे घडतं ते पाहायचं, गाडीत जे बोललं जातं ते ऐकायचं आणि पोटातल्या कार्डावर साठवून ठेवायचं, एवढंच माझं काम. कार्ड भरलं की जुनं पुसायचं आणि नवं लिहायचं. पण काही गोष्टी कार्डावरून गेल्या तरी माझ्यातून जात नाहीत. त्यातलीच एक आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही, आणि आठवण्यासारखं काही होतं असंही वाटत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत, मधुकररावांच्या अंगणात. मधुकरराव विणकर. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्यांचा मुलगा भूपेंद्र नोकरीसाठी पुण्याला निघाला होता. आईवडिलांच्या पांढऱ्या, एमएच छत्तीसच्या गाडीवर नजर राहावी म्हणून जाण्याआधी त्याने मला आणलं. गाडी उभी असतानाही मी जागा राहावं, अशी त्याची इच्छा होती.

मला बसवायला तुमसरहून सुगत आला. गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं छोटंसं दुकान होतं. त्याचा स्वभाव अबोल आणि बोटं मोठी हुशार. माझी तार त्याने छताच्या अस्तरात सरकवली, दाराच्या रबराखालून खाली उतरवली आणि पायाजवळच्या फ्यूजच्या पेटीत नेऊन जोडली. प्रत्येक वळणावर कापडी पट्टी गुंडाळली, म्हणजे गाडी खडखडली तरी तार वाजू नये. मधुकरराव पूर्ण वेळ त्याच्या मागे उभे होते. लग्नाच्या पंगतीत वाढप्यावर नजर ठेवावी तसे!

"तार दिसली नाही पाह्यजे बरं, सुगत," ते चारदा म्हणाले. "लोंबता धागा मले पाहवतच नाही."

"नाही दिसत, काकाजी. पण हे एक बटन बाहेर ठेवा लागते," सुगत म्हणाला. "गाडी उभी असली तरी हा कॅमेरा बॅटरीतून खातच राहते. गाडी रोज फिरली तर काही नाही. चार दिवस उभी राह्यली तर बटन बंद करा लागन."

"बटन बाहेर? असं फोडासारखं? नाही जमणार. आत टाक!"

सुगतने थोडी हुज्जत घातली, पण गिऱ्हाइकापुढे कोणाचं चालतं? त्याने बटणाची डबी आत, पायाजवळच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या मागे बसवली. मधुकररावांनी वाकून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि चहा सांगायला आत गेले. तेवढ्यात सुगतने एक शहाणपणाचं काम केलं. डबीला लाल धागा बांधला आणि त्याचं वीतभर टोक पट्टीच्या फटीतून बाहेर काढलं. जवळ कुसुमताई उभ्या होत्या. मधुकररावांच्या या पत्नी मागावर लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत. धाग्याची भाषा त्यांना चांगली समजत होती.

"काकू, हा धागा ओढला का डबी बाहेर येते. मंग बटन दाबजा. लक्षात ठेवजा बरं."

"राह्यते लक्षात," त्या म्हणाल्या.

तिघांनी चहा घेतला. सुगत गेला. धागा मात्र खाली पायांच्या अंधारात, मधुकररावांच्या नजरेआड लोंबत राहिला.

पुढची दोन वर्षं माझी सुखाची गेली. मधुकरराव प्रत्येक पाहुण्याला गाडीत बसवून विचारायचे, "तार कुठून गेली, सांगा पाहू?" पाहुणा शोधशोध शोधायचा आणि हार मानायचा. मग मधुकरराव असे हसायचे, जणू ती तार त्यांनीच विणली होती. मलाही फुशारकी वाटायची. खोटं कशाला बोलू?

आमची सगळ्यात लाडकी वाट लाखांदूरची. तिथे कुसुमताईंची थोरली बहीण तुळसाबाई राहायच्या. लहानपणी आई गेली तेव्हा याच बहिणीने कुसुमताईंना अंगाखांद्यावर वाढवलं होतं. लाखांदूरला निघायचं ठरलं की कुसुमताई पहाटे लाखोळीच्या डाळीचे वडे तळायच्या, कारण तुळसाबाईंना दुसऱ्या कोणाच्या हातचे आवडत नसत. पवनी मागे पडली की धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सुरू व्हायच्या आणि कुसुमताईंच्या बोलण्याला बहर यायचा. बहिणीला त्या बाई म्हणत. बाई काय म्हणेल, बाई कशी रागावेल, बाईने लहानपणी कसं तळ्यात पोहायला शिकवलं. मधुकरराव म्हणायचे, "तुझ्या बाईपुढे मी कोनीच नाही." ते खरंच होतं.

मग एक दिवस, गाडी अंगणात उभी असताना, मधुकरराव आत बसून काहीतरी पुसत होते. माझा डोळा बाहेर रस्त्याकडे, पण कान आत. मला आवाज आला, कच्. विणकराच्या कंबरेला कायम असते त्या छोट्या कातरीचा.

"कुठं कुठं धागे काढते हे गाडी," ते स्वतःशीच पुटपुटले आणि दार लावून निघून गेले.

मित्रांनो, त्यात त्यांचा काय दोष? चाळीस वर्षं ज्या हाताने कापडावरचं एकेक टोक खुडलं, तो हात लोंबता धागा पाहून थांबणार कसा? तो धागा कशासाठी आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. इथवर मी त्यांना मनापासून माफ करतो.

त्या फाल्गुनात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पाचव्या दिवशी कुसुमताई येऊन गाडीत बसल्या आणि पायाजवळच्या पट्टीवरून हात फिरवू लागल्या. मधुकरराव दाराशी उभे होते.

"अजी, इथं लाल धागा होता नं? सुगतनं बांधला होता. तो ओढला का कॅमेऱ्याचं बटन निंगते, नाही तं बॅटरी उतरते म्हने. गेला कुठं?"

  कातरीची आठवण मधुकररावांना त्याच क्षणी झाली असणार.

"मले आता काय दिसते?" ते म्हणाले. "डोळ्यावर पट्टी हाय."

"सुगतले फोन लावू का?"

"काहून? येवढासा तो कॅमेरा, तो काय खाईन?"

कुसुमताई आणखी थोडा वेळ चाचपडल्या आणि उठून गेल्या. मला ओरडून सांगायचं होतं, कुसुमताई, मी खातो! मी रात्रंदिवस खातो! पण मला तोंड नाही.

मी इमानेइतबारे जागत राहिलो. कशाची राखण केली म्हणता? दोन बकऱ्यांची, एका लंगड्या कुत्र्याची आणि अंगणात वाळत घातलेल्या सुताची. कातरीचा तो आवाज कार्डावरून कधीच पुसला गेला होता. त्या जागी आता बकऱ्या होत्या. असाच जागता जागता नवव्या दिवशी मी बॅटरीतला शेवटचा घोट प्यालो आणि विझलो.

म्हणून दहाव्या दिवशी जे झालं ते मी पाहिलं नाही. साक्षीदार म्हणून बसवलेला मी, नेमका त्या दिवशी आंधळा आणि बहिरा होतो. नंतर गाडीत झालेल्या बोलण्यातून तुकड्यातुकड्याने मला ते कळलं.

सकाळी लाखांदूरहून फोन आला. तुळसाबाईंचा जीव घाबरा झाला होता आणि त्या एकच म्हणत होत्या, "कुसुमले बलावा." कुसुमताईंनी त्या घाईतही वडे तळले. शेजारचा कुंदन गाडी चालवायला धावत आला. नऊ वाजता त्याने किल्ली फिरवली. नुसतं टक् वाजलं. पुन्हा टक्. चार माणसांनी गल्लीच्या टोकापर्यंत गाडी ढकलली, पण ती काही जागी झाली नाही. लग्नतिथ दाट होती, गावातल्या भाड्याच्या गाड्या सगळ्या वरातींत गेलेल्या.

"सुगतले फोन लावा," कुसुमताई म्हणाल्या. "तो तुमसरहून येऊन जाईन अर्ध्या घंट्यात."

"त्याले कायले? त्याच्याच वायरींगनं बिघडली गाडी!" मधुकरराव गरजले. गल्लीतल्या दहा माणसांनी ते ऐकलं. चौकातल्या चहाच्या टपरीपर्यंत ते दुपारच्या आत पोहोचलं.

कुसुमताई एसटीने निघाल्या. भंडाऱ्याला गाडी बदलली, पवनीला पुन्हा बदलली. दोन वाजता तुळसाबाई गेल्या. अडीच वाजता कुसुमताई लाखांदूरला उतरल्या.

तेरवी आटोपून परतल्यावर कुसुमताईंनी स्वतः सुगतला फोन केला. नवऱ्याला विचारलं नाही. सुगत नवी बॅटरी घेऊन आला, ती जोडली, आणि मी डोळे उघडले. पहिलं दिसलं ते मधुकररावांचं तोंड. डोळ्यावरची पट्टी निघाली होती. पण ते बरेच म्हातारे दिसत होते.

मागच्या सीटवर वड्यांचा डबा तसाच होता. गाडी ढकलायच्या गडबडीत राहून गेलेला. कुसुमताईंनी तो उचलला आणि न उघडता मांडीवर घेऊन बसल्या.

"माझ्या कामानं गाडी बिघडली मनून गावात बोलून राह्यले, काकाजी," सुगत खाली मान घालून म्हणाला. "दोन गिऱ्हाईक परत गेले. मले एकदा उघडून पाहू द्या." त्याने पट्टी उचकटली आणि डबी बाहेर काढली. डबीला बोटाएवढा लाल धागा होता.

"गाठ माझीच हाय, काकू. पन हे टोक..." तो बोलता बोलता थांबला. त्याला कळलं होतं. तरी त्या भल्या माणसाने डबी नुसती कुसुमताईंच्या हातात दिली.

कुसुमताईंनी तो धागा बोटांत फिरवला. तुटलेला धागा पिंजतो. हा पिंजला नव्हता. सरळ, स्वच्छ, एका झटक्यात कापलेला. जन्मभर त्यांनी तसली टोकं पाहिली होती.

"तवा तं तुमाले दिसत होतं," त्या एवढंच म्हणाल्या.

मधुकररावांनी गाडीच्या टपाला धरून ठेवलं. "कापला तवा मले मालूम नव्हतं, कुसुम," ते म्हणाले.

"अन् मी विचारलं तवा?"



दुसऱ्या दिवशी मधुकरराव त्याच चहाच्या टपरीवर गेले आणि चारचौघांत म्हणाले की सुगतचं काम चोख होतं, धागा मी कापला. हे मी सुगतच्या तोंडून ऐकलं. त्याची गिऱ्हाइकं परत आली. तुळसाबाई कशा परत येणार?

मित्रांनो, आता माझी काच धुरकट झाली आहे आणि पाहुण्यांना माझी तार कोणी शोधायला लावत नाही. त्याचं मला दुःख नाही. एवढीच विनवणी करतो. कोणी काही मागे लोंबतं ठेवलं असेल तर कापण्याआधी एकदा विचारा. आणि न विचारता कापलंच गेलं, तर ते त्याच दिवशी बोलून टाका. मधुकररावांनी त्या पाचव्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर दोघी बहिणींची भेट झाली असती.

डबीला आता नवा लाल धागा आहे. मधुकररावांनी तो स्वतः बांधला, हातभर लांब. ब्रेक मारायला पाय उचलला की तो पायात येतो, पण ते त्याला कातर लावत नाहीत. कुसुमताई हल्ली मागच्या सीटवर बसतात. बाहेरून परत आलो की मधुकरराव वाकून तो धागा ओढतात, बटण बंद करतात आणि मान न वळवता म्हणतात, "बंद केला, कुसुम."

विझता विझता मी रोज कान देतो. मागून अजून एकदाही उत्तर आलेलं नाही.